छंदाचा छंद

मराठीत ‘छंद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रिकाम्या वेळी माणूस ज्यात रमतो तो एक छंद, आणि पद्यचरणातील अक्षरांची जी ठरलेली चाल तो दुसरा. गेली तीन वर्षे मी या दोन्ही छंदांच्या कचाट्यात सापडलो आहे. मी संगणकासाठी एक आज्ञावली, म्हणजे घरोघरची मुले जिला ‘प्रोग्रॅम’ म्हणतात ती, माझ्या हाताने लिहीत आहे. पद्याची ओळ पुढे ठेवली की तिने त्या ओळीचे वृत्त सांगावे, आणि वृत्तभंग झाला असल्यास नेमक्या त्या अक्षरावर बोट ठेवावे, इतकेच तिचे काम.

संस्कृत श्लोकांची वृत्ते ओळखणाऱ्या आज्ञावल्या विद्वानांनी यापूर्वीच केलेल्या आहेत. तेव्हा मी काही नवे केले असा आव आणण्याचे कारण नाही. मला ती हवी होती माझ्या वडिलांच्या वहीसाठी. वडील तारखात्यात होते. सारा दिवस यंत्राचा कट्ट-कडकट्ट कानावर घेऊन घरी येत आणि रात्री श्लोक लिहीत. त्यांच्या पश्चात ती वही माझ्याकडे आली: १४८ श्लोक, म्हणजे ५९२ चरण. त्यांच्या जन्मशताब्दीला ती छापावी असे माझ्या थोरल्या बहिणीच्या मनात आले आणि चुका तपासण्याचे काम अर्थातच शाळामास्तरावर पडले. वहीत काही ठिकाणी तांबड्या शाईच्या खुणा आहेत. त्या माझ्या हातच्या आहेत. त्यांविषयी पुढे सांगेन.

आज्ञावलीची हकीकत कळण्यास लघुगुरूंची थोडी उजळणी हवी. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु, दीर्घ स्वराचे गुरु. अक्षर ऱ्हस्व असूनही त्यावर अनुस्वार असेल, त्यापुढे विसर्ग असेल किंवा जोडाक्षर येत असेल, तर ते गुरु. तीन-तीन अक्षरांचा एक गण. प्रत्येक जागी लघु किंवा गुरु असे दोनच पर्याय असल्यामुळे गण आठच होतात, आणि ते आठही ‘यमाताराजभानसलगं’ या एका सूत्रात भरून ठेवलेले आहेत. सूत्रातील ‘य’ घ्या व पुढील दोन अक्षरे जोडा: ‘यमाता’, लघु-गुरु-गुरु, हा झाला य गण. ‘मातारा’ हा म गण, ‘ताराज’ हा त गण, आणि असेच शेवटपर्यंत. चार य गण ओळीने ठेवले की बारा अक्षरांचे भुजंगप्रयात होते. म, स, ज, स, त, त आणि शेवटी एक गुरु अशी एकोणीस अक्षरे मांडली की शार्दूलविक्रीडित होते.

हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्यामुळे जेव्हा माझ्या पुतणीने, जी हे शास्त्र शिकलेली आहे, मला सांगितले की संगणकाला नियम अगदी स्पष्ट सांगावे लागतात, तेव्हा मी मनात म्हटले, यात काय कठीण आहे? नियम तर माझ्या जिभेवर आहेत.

तिने मला जी भाषा शिकवली तिचे नाव ‘पायथन’. ती भाषा स्वतःच एका गृहस्थाच्या छंदातून जन्मली आहे. गिडो फान रोसुम हे हॉलंडमधील एका संशोधनसंस्थेत काम करीत असत. १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत हाताला काही चाळा असावा म्हणून त्यांनी एक नवी संगणकभाषा रचावयास घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. नावाचा अजगराशी संबंध नाही. एका इंग्रजी विनोदी दूरचित्रवाणी-मालिकेच्या नावावरून ते ठेवलेले आहे. आज ती जगभर शिकवली जाते. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला साठीनंतर ती दोन महिन्यांत कामापुरती आली, यावरून ती किती सोपी आहे हे कळेल.

पहिला धक्का बसला तो अक्षरे मोजताना. मी यंत्रास विचारले, ‘विद्यार्थी’ या शब्दात अक्षरे किती? उत्तर आले, दहा. मी चष्मा पुसला आणि पुन्हा विचारले. पुन्हा दहा. आमच्या शाळेत असे उत्तर देणाऱ्यास बाकावर उभे केले असते. पुतणी हसून म्हणाली, “काका, ते खोटं नाही बोलत. त्याच्या लेखी ‘अक्षर’ म्हणजे निराळं काही आहे.”

गोष्ट अशी आहे. संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात, अंक असतात. कोणत्या चिन्हाला कोणता अंक हे ‘युनिकोड’ नावाच्या जागतिक संकेताने ठरते. त्यात देवनागरीला १२८ घरांची एक पेठ दिलेली आहे आणि तिची मांडणी आपल्याच देशात आधी तयार झालेल्या ‘इस्की’ या संकेतावरून घेतलेली आहे. या पेठेत क पासून ह पर्यंतची व्यंजने आहेत, काना, वेलांट्या, मात्रा आहेत, अनुस्वार आहे, आणि पाय मोडण्याची खूण हीदेखील एक स्वतंत्र रहिवासी आहे. जोडाक्षराला मात्र स्वतःचे घर नाही. तेव्हा ‘विद्यार्थी’ म्हणजे व, ऱ्हस्व वेलांटी, द, पायमोड, य, काना, र, पायमोड, थ, दीर्घ वेलांटी: मोजा, दहाच होतात. कागदावर आपण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतो; यंत्र ती नंतर ठेवते, कारण उच्चारात ती नंतर येते. ही व्यवस्था पाहून मला आमच्या प्राचीन वर्णविचाराची आठवण झाली. आपण अक्षर म्हणतो ते, आणि वर्ण म्हणतो ते निराळे, हे मीच मुलांना सांगत आलो होतो. यंत्र वर्णाच्या पायरीवर उभे होते, मी अक्षराच्या.

म्हणून आधी यंत्राला अक्षर म्हणजे काय ते शिकवावे लागले. काना-मात्रा दिसली की मागील व्यंजनास चिकटव, पायमोड दिसला की पुढचे व्यंजन त्याच अक्षरात घे, अनुस्वार-विसर्ग मागच्यालाच. या तीन आज्ञा बिनचूक लिहिण्यास मला सोळा दिवस लागले. सतराव्या दिवशी मी वृत्तांची नावेच यंत्रापुढे ठेवली. ‘मंदाक्रांता’: चार अक्षरे, चारही गुरु. मंदाक्रांता वृत्ताचा चरण चार गुरूंनीच सुरू होतो! ‘द्रुतविलंबित’: तीन लघु, मग गुरु-लघु-लघु, म्हणजे न गण आणि भ गण. त्या वृत्ताचा आरंभ तोच. ‘शार्दूलविक्रीडित’ या नावातील सात अक्षरे तर त्या चरणाच्या शेवटच्या सात अक्षरांवर तंतोतंत बसतात; फक्त अखेरचा ‘त’ लघु निघाला, आणि चरणान्ती आलेला लघु गुरु धरावा हा नियम यंत्राला सांगावयाचा राहिला आहे हे त्यातूनच कळले. जुन्या छंदःशास्त्रज्ञांची ही कारागिरी मला ठाऊक नव्हती असे नाही. पण यंत्राच्या पडद्यावर ती उमटली त्या रात्री मी झोपलो नाही. पत्नीला दोनदा उठवून दाखवले. दुसऱ्यांदा तिने पाहिले नाही.

त्यानंतर वही. पाचशे ब्याण्णव चरण मी टंकलिखित केले. काही संगणकावर केले, काही दुपारी आडवे होऊन भ्रमणध्वनीवर. या गोष्टीस पुढे महत्त्व येणार आहे. सगळे यंत्रास दिले. उत्तर आले: २०३ चरणांत वृत्तभंग.

मला वाईट वाटले, पण खोटे कशाला सांगू, आश्चर्य वाटले नाही. मी बावीस वर्षांचा असताना, नुकताच मास्तर झालेला, वडिलांनी ही वही मला वाचावयास दिली होती. मी ती तांबड्या शाईने तपासली. जेथे जेथे गण चुकला तेथे अधोरेषा, समासात ‘वृ. भं.’. वडिलांनी वही घेतली, पाने चाळली, “बरं,” म्हणाले, आणि त्यानंतर पुन्हा कधी दाखवली नाही. श्लोक लिहिणे त्यांनी थांबवले नाही, हे वहीवरून दिसते. आता यंत्रही माझ्याच बाजूने साक्ष देत होते.

तथापि दोनशेतीन हा आकडा फारच मोठा होता. मी एकेक चरण हाताने तपासू लागलो तो पहिला अपराधी सापडला. वडिलांनी वहीचा बराच भाग जुन्या शुद्धलेखनाने लिहिलेला होता. १९६२ साली नवे नियम शासनमान्य होण्यापूर्वी आपण न उच्चारले जाणारे अनुस्वारही लिहीत असू. ‘हसला’ हे ‘हंसला’ असे लिहिले जाई, पण बोलताना कोणी नाकात बोलत नसे. यंत्राने बिंदू पाहिला आणि ‘हं’ गुरु ठरवला. आकाशात उडणारा हंस आणि दारात उभा राहून हसणारा माणूस यांत त्याला भेद दिसेना, आणि का दिसावा? ‘अनुस्वार असेल तर गुरु’ असे मीच सांगितले होते; ‘उच्चारला जात असेल तर’ हे सांगितले नव्हते. मी वहीची दोन प्रती केल्या. एक वडिलांनी लिहिली तशी, दुसरी यंत्रासाठी, मुके अनुस्वार काढून. अपराधी चरण एकदम ९७ वर आले.

पुढची अडचण मात्र अशी होती की तिने मला घरातून उठवले. ‘दऱ्या’ हा शब्द वहीत दोन ठिकाणी आहे. एके ठिकाणी यंत्र ‘द’ लघु म्हणे, दुसऱ्या ठिकाणी गुरु. दोन्ही शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे. मी भिंग लावून पाहिले. दोन्ही ओळी पुसून पुन्हा लिहिल्या. एकदा जमले, एकदा नाही. चार दिवसांनी पुतणीने त्या दोन शब्दांचे अंक छापून दाखवले. मराठीतल्या या आडव्या, पापणीसारख्या रफारासाठी युनिकोडात ‘ऱ’ हे निराळे घर आहे. संगणकावरच्या कळफलकाने ते वापरले होते. भ्रमणध्वनीच्या कळफलकाने साधा ‘र’, पायमोड आणि पुढे एक अदृश्य खूण घातली होती. ती खूण म्हणजे ज्याची रुंदी शून्य असा एक सांधा! तो डोळ्यांना दिसत नाही, कागदावर छापला जात नाही, पण यंत्राला दिसतो. दोन्ही रीती संकेतास मान्य आहेत आणि दोन्हींतून पडद्यावर एकच आकृती उमटते. जी गोष्ट दिसतच नाही तिच्यापायी माणसाने चार दिवस घालवावेत, याचा मला इतका उबग आला की ती चूक दुरुस्त करूनही मी संगणक मिटला तो चार महिने उघडला नाही.

हौसेच्या कामाचे हे एक वैशिष्ट्य आहे. पोटासाठी करावयाचे काम रागावून सोडता येत नाही. हौसेचे सोडता येते. कोणी विचारीत नाही. बहीणसुद्धा विचारीत नव्हती. तिने वाट पाहणे पत्करले होते, आणि ते मला अधिक टोचत होते.

त्या चार महिन्यांत पुतणीने मला डोनाल्ड क्नूथ या अमेरिकन गणितज्ञाची हकीकत सांगितली. १९७७ साली त्यांच्या एका ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. छपाई नव्या पद्धतीची होती आणि गणिताची अक्षरे त्यांना इतकी कुरूप वाटली की, आता अक्षरजुळणीची आज्ञावली आपणच लिहू, असे त्यांनी ठरविले. पुढील वर्षी विद्यापीठातून रजा मिळणार होती. तेवढ्यात काम उरकेल हा त्यांचा हिशेब. ते मार्गी लागण्यास सुमारे दहा वर्षे लागली. ‘टेक’ या नावाची ती आज्ञावली आजही गणिती ग्रंथांच्या छपाईत वापरली जाते. मला त्यातले आवडले ते हे: त्यांनी आपल्या प्रत्येक चुकीची नोंदवही ठेवली आणि १९८९ मध्ये ती यादी चक्क प्रसिद्ध केली. आठशेंहून अधिक चुका! त्यांच्या ग्रंथांत कोणी नवी चूक दाखवून दिली तर ते तिला २ डॉलर ५६ सेंटांचा धनादेश पाठवीत. मी शंभर पानी वही आणली, वर ‘माझ्या चुका’ असे लिहिले, आणि चार महिन्यांनी संगणक उघडला.

वहीतील सत्त्याण्णव अपराध्यांपैकी पापणीच्या रफाराचे सुटले. ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘उन्हाळा’ यांतील म्ह आणि न्ह यांचेही सुटले, कारण तेथे मागच्या अक्षरावर आघात येत नाही हे मला शाळेपासून ठाऊक होते; फक्त यंत्राला सांगायचे राहिले होते. उरले त्यांत हा एक चरण होता:

दिव्यांच्या उजेडात आजी कहाणी
हळू सांगता झोप डोळ्यांत आली

दुसरा चरण निर्दोष भुजंगप्रयात. पहिल्यात यंत्र म्हणे, आरंभी य गण हवा, येथे म गण आहे. ‘दि’पुढे ‘व्यां’ हे जोडाक्षर, सबब ‘दि’ गुरु. वहीत त्याच ‘दि’खाली माझी तांबडी रेघ होती, चाळीस वर्षांपूर्वीची.

मी बहिणीला दूरध्वनीवर म्हटले, “ताई, हा एक चरण बदलावा लागेल.” तिने ऐकून घेतले आणि ओळ म्हणून दाखवली, वडील म्हणत तशी, टेबलावर बोटे वाजवीत. मग म्हणाली, “अरे, पण म्हणायला ती कुठे अडते?”

अडत नव्हती. मी दूरध्वनी ठेवून स्वतः मोठ्याने म्हणालो. नंतर ‘दिव्य’ हा शब्द म्हणालो. ‘दिव्य’ म्हणताना ‘दि’वर जीभ टेकते, ‘व’ जणू दोनदा येतो. ‘दिव्यांच्या’ म्हणताना, दिवा या शब्दाची ती रूपे असल्यामुळे, ‘दि’ हलकेच सुटतो. लिहिताना अक्षरे तीच, उच्चार निराळा. ‘अनेक दिव्यांतून पार पडलो’ यातील ‘दि’ गुरु आणि ‘दिव्यांतून तेल सांडले’ यातील ‘दि’ लघु! हे मी आयुष्यभर बोलत होतो आणि आयुष्यभर शिकवीत नव्हतो. व्याकरणाच्या पुस्तकात ‘आघात येत असल्यास’ असे दोन शब्द असतात. ते मी मुलांकडून पाठ करून घेत असे. त्यांची व्याप्ती म्ह, न्ह, ल्ह एवढ्यापुरती आहे अशा समजुतीत मी निवृत्त झालो.

याहून विलक्षण गोष्ट नंतर ध्यानात आली. आपल्या लिपीला हा भेद माहीत आहे! स्वयंपाक करणारा आचारी आणि विद्या देणारा आचार्य यांची रूपे आपण निराळी लिहितो: आचाऱ्याला बोलाव, आचार्याला नमस्कार कर. दरीचे अनेकवचन दऱ्या, समुद्र तो दर्या. ‘दऱ्या’तील ‘द’ लघु, ‘दर्या’तील गुरु. ज्या पापणीने मला चार महिने छळले ती मुळात याच कामासाठी लिपीत आहे: पुढे जोडाक्षर असले तरी मागे आघात नाही, हे सांगण्यासाठी. मात्र ही सोय फक्त ‘र’ला मिळाली. ‘व’ला, ‘ण’ला, ‘झ’ला अशी पापणी नाही. त्यामुळे दिवा आणि दिव्य, पुणे आणि पुण्य यांची रूपे कागदावर एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यांचा निवाडा कानावर राहतो. वडिलांचा जन्म बिंदू आणि रेषा कानाने वेगळ्या करण्यात गेला होता. मी डोळ्यांनी तपासली होती.

त्या दिवशी मी ‘माझ्या चुका’ या वहीत पहिली अशी नोंद केली की जी यंत्राची नव्हती.

आता हे यंत्रास कसे शिकवावे? मी घाईने आज्ञा दिली: पुढे ‘य’चे जोडाक्षर असेल तर मागचे अक्षर लघु धर. ‘दिव्यांच्या’, ‘तुझ्या’ सारे सुटले. पण ‘सत्य’, ‘नित्य’, ‘विद्या’, ‘कन्या’ कोलमडले आणि वडिलांच्या शार्दूलविक्रीडितांचा धुव्वा उडाला. एक भोक बुजवावे तो दुसरे पडावे, हा अनुभव ज्याने जुने छप्पर शाकारले आहे त्यास सांगावा लागत नाही. मग मी अशी युक्ती काढली की अशी सर्व अक्षरे ‘संदिग्ध’ म्हणून सोडावीत. यंत्राने त्यांना लघु आणि गुरु अशी दोन्ही सोंगे देऊन पाहावे आणि ज्या सोंगात वृत्त जुळेल ते खरे मानावे. एका चरणात तीन संदिग्ध अक्षरे असली तर आठ प्रकार, पाच असली तर बत्तीस. यंत्राला हे काम निमिषाचे.

हे सगळे प्रकार क्रमाने मांडण्याची रीत शोधताना मला पिंगलाचार्यांच्या छंदःसूत्रांकडे जावे लागले, आणि तेथे मी थक्क झालो. अदमासे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथात ‘प्रस्तार’ म्हणून नेमकी हीच मांडणी आहे. आणि अमुक क्रमांकाचा प्रकार कोणता हे सर्व मांडणी न करता काढण्याचीही कृती आहे. संख्या सम असेल तर निम्मी कर आणि लघु लिही. विषम असेल तर एक मिळवून निम्मी कर आणि गुरु लिही. आठ गणांतील पाचवा कोणता? पाच विषम, एक मिळवून निम्मे तीन, गुरु. तीन विषम, एक मिळवून निम्मे दोन, गुरु. दोन सम; निम्मे एक, लघु. गुरु-गुरु-लघु म्हणजे त गण. ‘मयरसतजभन’ या परंपरेतल्या क्रमात मोजून पाहा, त पाचवा आहे. ही आज्ञावलीच नव्हे काय? मी ती सूत्रे पायथनमध्ये जशीच्या तशी उतरवली. सहा ओळी झाल्या आणि पहिल्या झटक्यात चालल्या. माझ्या आज्ञावलीतील तेवढाच भाग असा आहे की ज्यात आजवर एकही चूक सापडली नाही.

यंत्र आता फारच उदार झाले. त्याचा उदारपणा मला एका सकाळी कळला. आमच्या इमारतीच्या फळ्यावर सूचना लागली होती: ‘नळाला उद्या फक्त अर्धाच तास’. मी सहज ती यंत्राला घातली. उत्तर आले: भुजंगप्रयात, निर्दोष. मी हाताने गण पाडले. ‘उद्या’तील ‘उ’ लघु धरला आणि चरणान्तीचा ‘स’ गुरु मानला, तर खरोखरच चार य गण! पण ‘उद्या’ म्हणताना ‘उ’वर आघात येतो, हे कोणीही म्हणून पाहावे. दोन्ही सोंगांची मोकळीक दिली की पाण्याच्या सूचनेलाही यंत्र कवी ठरवते, आणि मग वडिलांच्या चरणांना त्याने दिलेल्या प्रशस्तीची किंमत काय राहिली? म्हणून मी ती मोकळीक काढून घेतली. आता केवळ एका यादीतील रूपांनाच दोन सोंगे मिळतात. ती यादी मी केली आहे, प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणून, आणि शंका आल्यास बहिणीकडून म्हणवून घेऊन. सध्या तीत ३१२ रूपे आहेत. हे काम मात्र मंद आहे. दिवसाला पाच-सहा शब्दांहून अधिक होत नाहीत, कारण फार वेळ म्हणत बसले की कोणताही शब्द कसाही ऐकू येऊ लागतो.

आजची स्थिती अशी. दोनशेतीनांपैकी अकरा चरण उरले आहेत. त्यांतील आठ ठिकाणी वडील निःसंशय चुकले आहेत, आणि ते आम्ही चुकलेलेच छापणार आहोत. माझ्या तांबड्या रेघा वहीत एकंदर चोवीस होत्या. त्यांतल्या सतरा चुकीच्या होत्या. दोन चरणांत शाई फुटली आहे आणि अक्षर लागत नाही. राहिला एक.

पुण्याची शिदोरी उशाशीच होती

श्लोक भुजंगप्रयाताचा आहे. ‘पु’ लघु धरला तर चरण बिनचूक बसतो, आणि मग ती शिदोरी पुण्याच्या प्रवासाची ठरते. वडील तरुणपणी तारेचे शिक्षण घेण्यास पुण्यास गेले होते आणि आजीने भाकरी बांधून दिली होती, हे आम्हा सर्वांस ठाऊक आहे. ‘पु’ गुरु धरला तर वृत्त मोडते, पण ती शिदोरी पुण्यकर्माची होते, आणि हा श्लोक आजी गेल्यानंतरचा आहे. यंत्र निःशंकपणे पुणे शहराच्या बाजूने आहे. बहीण म्हणते, नाही, त्यांनी हा एक चरण जाणूनबुजून मोडला. ती ओळ ते कशी म्हणत, हे तिला आठवत नाही. मला तर त्यांनी वहीच दाखवली नव्हती. मुद्रकाने मजकूर मागितला आहे, आणि त्या ओळीखाली टीप घालावी की न घालावी यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.